सालईपर्यंत

दादा, आज माहूरकडच्या तुमच्या डोंगरावर जाऊन आले. रोपवनाची तपासणी होती. पाय भरून आलेत, समोरचा चहा गार झालाय.

तुम्ही वनरक्षक होतात तेव्हा आपल्या घरात डोंगर झाडांनी मोजला जायचा. तुम्ही निघालात की आई चुलीपुढूनच विचारायची, आज कुठवर? पळसापर्यंत म्हटलं तर नुसता चहा, कारण पळस पायथ्याच्या काळ्या मातीत. मधल्या उतारावरच्या सागापर्यंत असेल तर दोन भाकरी. आणि सालईपर्यंत म्हटलं की चार भाकरी, ठेचा, पाण्याची मोठी कॅन. सालई अगदी माथ्यावर, जिथं मुरूम आणि खडक सोडून काही नाही. शाळेच्या एका सुट्टीत तुम्ही मला, तुमच्या लेकीला, वर नेलंत. चढताना काठी जमिनीत टोचत चालला आहात. सागात ती वीतभर आत जाते, माथ्यावर टक्क वाजते. सालईच्या खोडाचे कागदासारखे पापुद्रे सोलून तुम्ही माझ्या वहीत ठेवता. डिंकामुळे त्या वहीला कितीतरी दिवस धुपासारखा वास येत होता.

पुढं मीही कचेरीत जंगलाचेच कागद करायला लागले. या डोंगराच्या आराखड्यात 'रोपाची जात' या रकान्यात मी पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच शब्द लिहिला, साग. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात. चष्मा लावून कागद वाचलात आणि म्हणालात, "वर साग लागत न्हाई, पोरी. ती जागा सालईची हाय. वरचं कोरं सोड." मी म्हटलं, रकाना कोरा ठेवला तर साहेब कागद परत पाठवतात. शिवाय, एवढी शिकले ती काठ्या टोचायला नाही, असंही बोलून गेले. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. तो विषय परत काढला नाहीत, आणि रोपांचे खड्डे खोदायच्या आधीच कायमचे गेलात.

खड्ड्यांसाठी माथ्यावरच्या सालई तोडल्या, दादा. आराखड्यावर सही माझी. आज पाहिलं तर खालचा साग माझ्या डोक्यावर गेलाय आणि वर नुसत्या काड्या उभ्या आहेत. एक वाळकी काडी उपटून जमिनीत टोचली. टक्क. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा थकवाच जास्त आला. तरी अहवालात रोपं मेल्याचं कारण 'पाऊस कमी' असंच लिहिलं. पाऊस खालच्या सागावरही तेवढाच पडला होता.

हदगावला घरी आले तर आई ओट्यापाशी उभी. तिला आता नीट दिसत नाही. भाकरीचा डबा हातात घेतला आणि सवयीनं विचारलं, कुठवर गेलतीस? मी म्हटलं, सालईपर्यंत. तिला फार बरं वाटलं. म्हणाली, "हायत ना समदी झाडं?"

मी "हाव, हायत" म्हणाले. तिला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं.