कोरडे लंगोट

प्रिय रूपाली,

सप्रेम जय भीम. मिथुनराव बाहेर जेवून राह्यलेत, अन् मी चुलीजवळ बसून घाईघाईनं हे लिहून राह्यले. तुला बाळंतपणाला धावड्याला कधी आणायचं ते विचारायला बिचारे अंकुशनगरहून एवढ्या लांब आले, अन् मी सरळ म्हटलं, आणूच नका. त्यांचा घास हातातच राहिला. तुझे बाबा तवापासून माझ्यावर डोळे वटारून बसलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, अन् आईच नको म्हणती! तूही रडशील, ठाऊक आहे मला. पण बाई, आधी पूर्ण वाच.

पहिले माझी चूक. सोनोग्राफीत बाळाच्या डाव्या किडनीला सूज दिसली, तिथं पाणी साचलंय, असं तू फोनवर सांगितलंस अन् मी शहाणी लगेच बोलले, पाणी कमी पी. वरून बंद केलं की आत साचणार न्हाई, एवढीच माझी अक्कल. आठ दिवस तू घोटघोट पीत राहिलीस. अंबडच्या डॉक्टरीणबाई रागावल्या ते बराबरच केलं. तरी तू माझं नाव सांगितलं न्हाईस. सांगायचं होतंस गं. आता भरपूर पी.

भाकरी वाढून आले. कुठं होते मी? हां. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, अशी सूज पुष्कळदा आपोआप उतरते, फक्त लक्ष ठेवायचं, अन् जन्मल्यावर आठ दिवसांच्या आत बाळाची परत सोनोग्राफी करायची. मंग इथून तान्हं लेकरू घेऊन अंबडला कोण निघू देईल तुला? तुझी झुंबरआत्या सव्वा महिना उंबरा ओलांडू देणार न्हाई. लेकरू चांगलं दूध पितंय, कशाला दवाखाना, असं सगळी भावकी म्हणेल. अन् मीही म्हणेन, रूपाली. मला माझाच भरवसा न्हाई.

आता खरं कारण ऐक. तुझ्याआधी भिवा होता. तापानं गेला, एवढंच तुला सांगत आले. त्याचे लंगोट कोरडेच राहायचे. शेजारणींच्या दोऱ्या लंगोटांनी भरलेल्या, माझ्या दोरीवर दोन-तीन. मी मिरवायची, माझं पोर गुणाचं, आईला धुणं लावत न्हाई. ताप यायचा, उतरायचा. सातव्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात नेला तवा कळलं, पोटात असल्यापासूनच लघवी आत तुंबून दोन्ही किडन्या सुजलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. दोरीची गोष्ट मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितली न्हाई. फोनवर तर तोंडातून शब्दच निघाला नसता. तुझ्या बाळाचं तसं न्हाई, एकाच किडनीला सूज आहे अन् वेळेवर कळलंय. म्हणून तू अंकुशनगरलाच थांब, अंबडच्या दवाखान्याजवळ. मीच येते, महिनाभर आधी. जुन्या लुगड्याचे बारा लंगोट शिवलेत, मिथुनरावांजवळ देते. तुझ्या लेकरानं सगळेच्या सगळे भिजवू दे. मी धुईन.

तुझीच,
आई