पेठ वडगावची बैठक

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी माझ्या तोंडाला वास आला म्हणून सुनेने नातीला माझ्या मांडीवरून उचलून नेले. म्हणून लिहिते आहे.

दारू सोडणाऱ्यांची बैठक आमच्या शिवाजी पेठेतही भरते. पण तिथे निम्मे माझेच जुने विद्यार्थी असणार. म्हणून एसटीने पेठ वडगाव गाठले. दारातच एकाने विचारले, "मावशी, पेशंट कुठं हाय? मालक मागनं येणार व्हय?"

"मालक वारले. पेशंट मीच."

सगळे पुरुष. मग बैठक चालवणारे आजोबा हसले, "या की मग! हितं समदी पेशंटच हाईत."

पेशंट कुठं हाय? परतताना बसमध्येही तेच डोक्यात. जन्मभर मुलांना शिस्त लावली, आणि स्वतःला? बैठकीत मी नुसते नाव सांगितले. पुन्हा जाईन का, कोण जाणे.

निघताना आजोबा म्हणाले, "फुडच्या गुरुवारी मी मुरगूडला, लेकीकडं. खोली तुम्ही उघडायची."

"माझा आज पहिलाच दिवस आहे."

"म्हणून तर."

मिळाली ती वस्तू नोंदवून ठेवते: खोलीची किल्ली, एक, सुतळीत ओवलेली. दुसरी किल्ली कोणाकडेच नाही.