कॅप्टनची जिरवायची आहे

१ मार्च, रविवार
मावशीकडे गेलो. चूक झाली. मावसभाऊ सहा महिने पायलटचं ट्रेनिंग करतोय, तर सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. मी सिम्युलेटरवर विमान उडवतो हे आईने उगाच सांगितलं. त्याने विचारलं, उतरवता येतं का. मी म्हटलं, कॉम्प्युटर अडकतो म्हणून धावपट्टीवर आपटतं. तर सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉम्प्युटरला कशाला नावं ठेवतोस? पाडणारा तूच ना."
सगळे हसले. मावशी तर डोळे पुसेपर्यंत.
मला जबरदस्त उत्तर सुचलं. पण तेव्हा आम्ही जिना उतरत होतो.
सोडणार नाही.

२ मार्च
ठरलं. मशीन लोण्यासारखं चालवायचं, सगळ्यांना बोलवायचं, त्याच्या नाकासमोर विमान टेकवायचं. सध्या स्क्रीनवर सेकंदाला अकराच चित्रं पडतात, म्हणून अडकतं. तीस तरी हवीत.

४ मार्च
लाँड्रीतून हाफ डे घेतला. सिम्युलेटरमधले ढग बंद केले. चित्रं बारा.

५ मार्च
झाडं बंद. तेरा.

६ मार्च
शहर बंद, समुद्र बंद. जगात फक्त मी आणि धावपट्टी. चौदा. तरी आपटलो. आईने नेमका तेव्हाच मिक्सर लावला.

७ मार्च
कॉम्प्युटरचा डबा उघडून टेबलफॅन त्याच्यासमोर ठेवला. बाबा म्हणाले, मग मी काय करू? खिडकीत बसा म्हटलं. चौदाच.

१२ मार्च
ग्राफिक्स कार्ड आणलं. आठ महिने लोकांच्या शर्टांना इस्त्री केली ती याच्यासाठीच. स्वतः बसवलं. स्क्रीनची वायर खोचायला आता मागे दोन भोकं आहेत. वरचं जुनं, खालचं कार्डाचं. वायर होती तिथेच, वरच ठेवली. चालू वस्तूला उगाच हात लावू नये. शाळेत असलं काही शिकवत नाहीत, म्हणून तर सोडली.
चित्रं चौदा.
कार्डवाल्याने फसवलं. कॅप्टनखाली, जिरवायच्या यादीत दोन नंबरला टाकला.

१८ मार्च
कॉलरला इस्त्री करताना सुचलं. मी कशाला उडवू? त्यालाच बसवायचं. ढग, झाडं, शहर, वर वादळ, सगळं फुल. मशीन गुदमरणार, कॅप्टन सगळ्यांसमोर आपटणार. मग मी शांतपणे म्हणणार, कॉम्प्युटरला कशाला नावं ठेवतोस? आरशासमोर वीस वेळा म्हणून बघितलं. सतराव्यांदा आवाज कापला नाही.

१९ मार्च
ट्रायल. चित्रं पाच. सुंदर. आईला सांगितलं, रविवारी मावशीकडच्यांना बोलव. म्हणाली, शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा तू आपणहून माणसं बोलावतोयस. खूश झाली. मला कसंतरीच झालं. असं होऊ द्यायचं नाही, सगळी खुन्नस उतरते.

२२ मार्च, रविवार
कॅप्टन बसला. मी खुर्चीमागे, वाक्य तयार.
अडकलं नाही. एकदाही नाही. कोपऱ्यात आकडा साठ. त्याने भर वादळात विमान असं टेकवलं की मावशीने टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तू सेट केलंस? आमच्या ट्रेनिंगलाही इतकं स्मूथ चालत नाही रे. त्या दिवशी मी उगाच बोललो तुला."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे वाक्य एकच होतं आणि ते कुठेच बसेना. पाणी आणतो म्हटलं आणि आत गेलो. ते निघेपर्यंत आतच होतो.
नंतर आई म्हणाली, सकाळी टेबलामागची धूळ पुसताना स्क्रीनची वायर निघाली. खालच्या भोकात खोचली, चालेल ना?
बघतो म्हटलं.

२३ मार्च
कार्डवाल्याचं नाव खोडलं.
लाँड्रीला दांडी. घरात कुणी नाही. मिक्सर बंद. वादळ नाही, वारा नाही, स्वच्छ ऊन. चित्रं साठ.
अकरा वेळा उतरवलं. अकराही वेळा आपटलं. शेवटचं चाक निखळताना सुद्धा काय स्मूथ दिसतं.
संध्याकाळी आईने विचारलं, वायर ठीक आहे ना?
म्हटलं, वरच्या भोकातच बरी होती. लावली परत.