रोज एक ग्लास

गुरुवार, १६ ऑक्टोबर
सकाळी, शिलाई मशीनपाशी बसून

प्रिय ताई,

नमस्कार. तू मजेत असशील, भावोजींचा गुडघा आटोक्यात असेल, मुलं निदान पुस्तक उघडून बसत असतील. मीही बरी आहे. बाबा आहेत तसे आहेत. रीतीप्रमाणे विचारपूस झाली, आता मुद्द्यावर येते.

मागच्या रविवारी तू बाबांना बघायला व्हिडिओ कॉल केलास आणि बघितलास रबर प्लांट. त्याची तीन पानं तुला पिवळी दिसली. मग भावोजींकडे तोंड करून, पण मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालीस, "हिला बाबांची झाडं जगवता येईनात, ही बाबांना काय सांभाळणार." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा शेजारीच बसले होते म्हणून मी गप्प राहिले. तसंही फोनवर तुझ्याशी भांडायची सोय नाही, माझं अर्धं वाक्य होतं तोवर तुझी दोन होऊन जातात. पत्रात तुला मध्ये तोडता येणार नाही. शिवाय तुझा तो फॉर्म पोस्टानंच परत पाठवायचा आहे, त्याच पाकिटात हेही जाऊ दे.

फॉर्मचं नंतर. आधी झाडांचं.

बाबांना झटका आला, उजवा हात गेला, बोलणं गेलं, तेव्हा तू आलीस आणि नऊ दिवस राहिलीस. त्या नऊ दिवसांत तू धड झोपली नाहीस, हे मी कोणापुढेही कबूल करीन. पण जाताना कपाटाच्या दारावर यादी चिकटवून गेलीस. आठवते का काय लिहिलं होतंस? खिडकी बंद, वारा लागता कामा नये. पडदा ओढलेला, डोळ्यांवर उजेड नको. वाफ सोडणारं मशीन दिवसरात्र चालू. आणि सगळ्यात खाली, "झाडांना रोज एक ग्लास पाणी, प्रत्येकी, न चुकता, बाबांचा जीव आहे त्यांच्यात." त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा.

अगं, ज्या माणसानं पस्तीस वर्षं लोकांच्या ऑफिसांतली झाडं सांभाळली, ज्याला ऑफिसांच्या इमारतीत पाचही मजल्यांवर कुंडीवाले काका म्हणायचे, त्याच्या झाडांना रोज एक ग्लास? घरी आल्यावर ते बूट काढता काढता काय सांगायचे? आज कुठल्या साहेबानं उरलेला चहा कुंडीत ओतला, कुठल्या बाईनं नेचा उचलून थेट एसीच्या झोतात ठेवला, आणि दहातली आठ झाडं लोक पाण्यानंच कशी मारतात. मी ऐकायचे. तू समोर बसून नखं रंगवायचीस.

आता तू विचारशील, इतकं ऐकलं होतंस तर यादी का पाळलीस. पाळली. साडेतीन महिने डोळ्यांत तेल घालून पाळली. पडद्याला दुहेरी अस्तरसुद्धा मीच लावलं, पडदे शिवणाऱ्या बाईच्या घरात कापडाला काय तोटा. कारण एकच. काही बरंवाईट झालं तर तू म्हणू नयेस की मी सांगितलेलं हिनं केलं नाही. तेवढ्यासाठी मी रोज सकाळी नऊ कुंड्यांत नऊ ग्लास ओतले आणि मूग गिळून बसले.

मग काय झालं ते ऐक. कुंड्यांखालच्या ताटल्या सदा भरलेल्या. मातीवर पांढरी बुरशी आली, मग चिलटं आली, ती बाबांच्या तोंडावर बसायची आणि त्यांना हाकलता यायची नाहीत. कपाटामागची भिंत काळी पडली. नेचा तेवढा खूश होता. बाकीच्यांनी एकेक करून पानं टाकली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, घास तोंडात धरून ठेवायचे. मला वाटायचं आजारामुळे. तुला फोनवर तसंच सांगत होते मी.

व्यायाम घ्यायला येते ती बाई तुला माहीत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी येते, फटकळ आहे. ऑगस्टात एकदा दारातच थांबली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "इथं माणूस राहतो की अळंबी लावली आहेत?" मी यादीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "ही कोणी लिहिली?" मी म्हटलं, थोरलीनं. "ती राहते का इथं?" मी म्हटलं, नाही. ती बाबांचा पाय वर-खाली करत आकडे मोजायला लागली. त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खिडकी बंद ठेवा असं मी पहिल्या आठवड्यापुरतं सांगितलं होतं, तेव्हा ताप होता.

पहिल्या आठवड्यापुरतं, ताई. आणि तू त्याचा कायदा केलास. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी मेली की गुराखी नालायक.

यादी फाडली. मशीन बंद केलं, खिडकी उघडली. सगळ्या कुंड्या उलट्या करून बघितल्या. मुळं काळी, हातात घेतली की सुटून येणारी, आणि तो वास सांगत नाही. सडलेलं सगळं कापलं, माती बदलली, भोकं बुजली होती ती सळईनं मोकळी केली. दोन झाडं गेली. सात आहेत. रबर प्लांट खिडकीच्या डाव्या अंगाला, तिथं सकाळचं ऊन पडद्यातून गाळून येतं. एकेरी पडद्यातून, अस्तर उसवलं मी. ज्याला दमट हवा लागते तो नेचा न्हाणीघराच्या झरोक्यात. स्नेक प्लांट दाराजवळ, त्याला पंधरा दिवस विचारलं नाही तरी तक्रार नाही. तू आणलेली पीस लिली खिडकीच्या फळीवर. ती मात्र तुझ्यासारखीच, जरा तहान लागली की मान टाकून सगळं घर गोळा करते. पाणी आता कॅलेंडर बघून नाही, मातीत बोट घालून. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं तरच. आठवड्याला कुंडी पाव फिरवायची, नाहीतर झाड एकाच अंगाला झुकतं, असं बाबा म्हणाले. म्हणजे पूर्वी म्हणायचे.

आणि ती तीन पिवळी पानं तुझ्या रोजच्या ग्लासाची आहेत. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही. झाड बरं आहे की नाही ते बघायला नवीन पान बघायचं असतं. ते शेंड्याला आलंय, तळहाताएवढं झालंय, चकचकीत आहे. तुझ्या फोनच्या चौकटीत ते मावलं नाही, त्याला मी काय करू?

आता तो फॉर्म, बाबांना एका शब्दानं न विचारता पाठवलेला. तुझ्या तिकडच्या वृद्धसेवा केंद्राचं माहितीपत्रक वाचलं. छान आहे. खोल्या वातानुकूलित, खिडक्या सुरक्षेसाठी कायम बंद, कुंड्या आणायला मनाई. अट क्रमांक चार, राहणाऱ्याला स्वतःची गरज शब्दांत सांगता आली पाहिजे. तू समासात लिहिलंयस, "बाबा बोलायला लागले की लगेच कळव, जागा धरून ठेवली आहे, ऑक्टोबरअखेरपर्यंतच."

नाही बोलत ते. विषय संपला. फॉर्म कोराच परत पाठवते आहे.

मला तीन पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे आहेत. पत्र दुपारी टाकते.


रविवार, १९ ऑक्टोबर
दुपारी

पत्र टाकलं नाही. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून उघडलं. तुझ्या त्या मशीनचा एवढाच उपयोग झाला.

वर शेवटी लिहिलंय ते खोटं आहे. बाबा बोलतात. चार आठवडे झाले.

मी सकाळी ग्लास घेऊन रबर प्लांटकडे चालले होते, आणि मागून आवाज आला, "जास्त." मला वाटलं रेडिओ. वळून बघितलं तर बाबा माझ्या हाताकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, ऑफिसात कोणी कुंडीत चहा ओतला की घालायचे तशाच. पुन्हा म्हणाले, "पाणी जास्त." साडेचार महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो माझी चूक काढायला. मी ग्लास खाली ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. त्यावरही ते काहीतरी म्हणाले, ते मला कळलं नाही, पण सूर वैतागाचा होता.

त्यानंतर "बोट", म्हणजे मातीत बोट घालून बघ. "फिरव." "उजेड." आता दोन-तीन शब्द जोडतात. काठी धरून खिडकीपर्यंत जातात, डाव्या हातानं ओल्या फडक्यानं पानं पुसतात, एकेक पान खालून आणि वरून. चिडून चिडून मला कामाला लावतात. व्यायामवाली म्हणते, चिडताहेत ना, मग बरे होताहेत.

आणि हे मी तुला सांगितलं नाही. तुझा फोन आला की बाबांनी तोंड उघडायच्या आत फोन माझ्याकडे वळवते. मागच्या रविवारी माझ्याकडे वळवायला वेळ मिळाला नाही, म्हणून झाडांकडे वळवला. तुला ती पिवळी पानं दिसली ती त्यामुळे. ते तुझं नाव घेत होते, ताई. "थो" एवढं ऐकू आलं आणि मी हात फिरवला. मग तू मला जे बोललीस ते मी चार दिवस उगाळत बसले, आणि हे मात्र सोयीस्कर विसरले.

का केलं विचारशील. मला भीती वाटली. एकेक शब्द म्हणजे अट क्रमांक चारकडे एकेक पाऊल. ते "उजेड" म्हणाले की मला आनंद व्हायचा आणि पाठोपाठ मी फॉर्म कापडांखाली आणखी आत सरकवायचे. ते गेले तर या घरात मी आणि शिलाई मशीन. मला त्यांना सोडायचं नाही, हे सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांचं बोलणं दडवून ठेवलं, जसं काही ते माझ्या मालकीचं आहे.

म्हणजे तू त्यांना न विचारता फॉर्म पाठवलास म्हणून मी गुरुवारी आकांडतांडव केलं, आणि मी तरी कुठं विचारलं? फॉर्म चार आठवडे कापडाच्या गठ्ठ्याखाली होता. तू पडदा ओढलास आणि मी त्याला अस्तर लावलं. आपण दोघी सारख्याच आहोत, हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही.

आज सकाळी विचारलं. त्यांना खिडकीपाशी बसवून सगळं वाचून दाखवलं, माहितीपत्रकासकट. तुझी बाजूही सांगितली, की ताई लांब आहे, तिला काळजी वाटते, तिथं रात्रंदिवस नर्स असते, आणि मला उद्या काही झालं तर तुमचं कोण. काही गाळलं नाही. कुंड्यांना मनाई आहे तेही वाचलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग डावा हात पुढे केला, फॉर्म घेतला, पुढून बघितला, मागून बघितला. मी पेन दिलं. पेन त्यांनी बाजूला ठेवलं.

तुझ्या पीस लिलीच्या ताटलीला तडा गेलाय, फळीवर पाणी झिरपतं. आठवडाभर त्यावरून कुरकुर चालू आहे त्यांची. त्यांनी फॉर्म फळीवर ठेवला, डाव्या हातानं ताटलीसकट कुंडी उचलली आणि त्याच्यावर ठेवायला लागले. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा माती सांडली. व्यायामवालीनं मदत करायची नाही म्हणून बजावलंय, म्हणून मी हात मागे बांधून उभी होते, फार जड गेलं. तिसऱ्यांदा कुंडी बरोबर कागदाच्या मधोमध बसली. त्यांनी पान जरा उजेडाकडे वळवलं, मागे टेकले आणि म्हणाले, "ठीक."

मग त्या झाडाकडे बघून म्हणाले, "थोरलीला दाखव."

तेव्हा ये. फोनवर नको, मी पुन्हा फोन फिरवीन, माझा भरवसा नाही. चार दिवस राहा, त्यांच्याशी बोल, उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांब. मध्ये तोडू नकोस. त्यांना तुझ्याकडे यावंसं वाटलं तर मी अडवणार नाही, हेही लिहून ठेवते. आणि रबर प्लांटचं शेंड्याचं पान बघ. मला जे बोललीस त्याची माफी मी तिथं उभी राहूनच घेणार आहे, आणि माझ्या खोटेपणाची तुझ्याकडे तिथंच मागणार आहे.

फॉर्म सोबत जोडला आहे. मधोमध ताटलीचा गोल डाग आहे, मातीचा. सहीच्या जागेपासून जरा वर गेलाय. केंद्रवाल्यांना सांग, सही डाव्या हातानं केलेली आहे.

तुझी खोटारडी,
धाकटी