सरासरी खेकडा

सदाशिव पेठ, पुणे
१२ एप्रिल १९९६

ती. स्व. मामांना वासंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मामीचं पत्र मिळालं. डॉक्टरांनी उजव्या हाताच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू तुम्ही मांजराला फेकून मारलात म्हणे. म्हणजे डाव्या हाताचा नेम उत्तम आहे. मांजराची चौकशी केली म्हणून सांगा.

इथे माझी घरमालकीण, मंदाकिनीकाकू, मला उंबऱ्याबाहेर पाय धुवायला लावते. मेंदूवर संशोधन करते म्हटल्यावर ती मला डॉक्टरीण समजून खोली द्यायला तयार झाली होती. खेकड्यांचं तिला मागाहून कळलं. ‘आमच्या पेठेत हे चालायचं नाही,’ असं तिने मला जिन्यात सुनावलं; पण रात्री दार लावून, खेकड्याच्या पोटात खरंच दात असतात का, हेही विचारून गेली.

असतात. ते दात हलवायला मूठभरसुद्धा पेशी नाहीत. त्या मज्जापेशींचा पुंजका वरून येणाऱ्या नसेसकट काढून बशीत ठेवला तरी तबलजीसारखा ठेका धरून बसतो. पेशींच्या भिंतीत विजेची ये-जा करणारी बारीक दारं असतात. ती सतत मोडतात, नवी बसतात, तरी ठेका ढळत नाही. तो कसा टिकतो, हा माझा प्रश्न.

घोळ असा, की प्रत्येक खेकड्यात या दारांचं प्रमाण निराळं निघतंय. आमच्या सरांच्या सांगण्यावरून मी सगळ्यांची सरासरी काढली आणि तो ‘सरासरी खेकडा’ संगणकावर चालवून पाहिला. ढिम्म! ठेका नाहीच. सर म्हणतात, फार विचित्र निघालेले खेकडे गाळून टाक आणि जुलैत प्रबंध देऊन मोकळी हो. जुलैनंतर शिष्यवृत्तीही नाही. काय करावं सुचत नाही.

तुम्ही चेंडू दाबा. मामीला नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही आहेत तसेच राहू द्यावेत.

आपली भाची,
वासंती

सातारा
२ मे १९९६

चि. वासंतीस श्रीधरमामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र डाव्या हाताने लिहिलं आहे. तुझी मामी म्हणते, शाईत बुडालेलं झुरळ कागदावरून घरी गेलंय. पक्षाघाताने माझा उजवा हात नेला, तिची जीभ मात्र सुखरूप आहे.

तुझं दुखणं मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, यात अवघड काय? तिच्या आमटीत चिंच जास्त, म्हणून गूळ जास्त. शेजारणीकडे दोन्ही कमी. दोघींच्या आमट्या चांगल्या. पण दर घरातून एकेक जिन्नस मोजून आणला आणि सरासरीने आमटी केली, तर ती खेकडासुद्धा खाणार नाही. तुमच्या संस्थेत तिची नेमणूक होत असेल तर कळव, मला जरा शांतता मिळेल.

खेकडे गाळावेत की नाही, हे मला विचारू नकोस. मी चित्रकलेचा मास्तर. पण ऐन परीक्षेआधी कच्ची पोरं दुसऱ्या शाळेत धाडून शंभर टक्के निकाल लावणारे हेडमास्तर मी पाहिले आहेत. त्यांचे सत्कारही पाहिले आहेत.

आता माझा एक प्रश्न. डॉक्टर येतात, पाठ थोपटतात, ‘आशा सोडू नका’ म्हणतात. तू मेंदूचा अभ्यास करतेस. हात परत येईल का? काल सरळ रेघ ओढायला बसलो, ती पाटाखाली निघून गेली. मला गोड बोलून समजावू नकोस. तेवढ्यासाठी इथे नातेवाईक पुष्कळ आहेत.

खेकड्यांना आशीर्वाद पोचवणे. आहेस तशीच हट्टी राहा.

तुझा,
मामा

सदाशिव पेठ, पुणे
२० जून १९९६

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

मामा, मला माहीत नाही. मी खेकड्याचं पोट जाणते, माणसाचा हात नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते. त्या पुंजक्याकडे वरून येणारी नस तोडली की ठेका थांबतो. सारं गप्प. मग काही दिवसांनी, कुणी हाक न मारता, तो आपल्या आपण पुन्हा सुरू होतो. पण पहिल्यासारखा नाही. आतली मांडणी बदललेली असते, ठेकाही थोडा संथ असतो. आणि काही पुंजके सुरू होतच नाहीत. दोन्ही पाहिलंय, म्हणून दोन्ही लिहिलं. हे लिहिताना मला रडू आलं, ते मामीला सांगू नका.

खेकडे मी गाळले नाहीत. सरांना तसं सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत राहिले. मग आठवड्याने एका सकाळी मी गेले तर ते स्वतःच संगणकापाशी बसलेले. प्रत्येक खेकड्याचे आकडे, सरासरी न काढता, ज्याचे त्याला देऊन चालवत होते. विचित्र म्हटलेलेसुद्धा सगळे ठेका धरत होते! माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘प्रबंध पुन्हा लिहावा लागेल. वर्ष जाईल.’ आणि चहा मागवला. त्यांनी चहा पाजल्याचं संस्थेत कुणाला आठवत नाही.

शिष्यवृत्ती जुलैत संपेल, म्हणून आतापासून पेठेतल्याच एका क्लासमध्ये संध्याकाळी जीवशास्त्र शिकवते. मंदाकिनीकाकू आता शेजारणींना सांगते की आमच्याकडची मुलगी प्रोफेसर आहे.

रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.

आपली,
वासंती

सातारा
९ ऑक्टोबर १९९६

चि. वासंतीस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. चार दिवस. ‘माहीत नाही’ हे उत्तर ऐकायला मी काही तुला शिकवलं नव्हतं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की आजारी पडल्यापासून माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोललेली तू एकटीच.

उजवा हात आला नाही. कपबशी धरतो, कुंचला नाही. मीही त्याची वाट पाहणं सोडलं आणि डावा हात कामाला लावला. सुरुवातीला जे केलं ते बंबात घातलं.

परवा तुझी मामी मेथी निवडत बसली होती. तिला न सांगता तिचं चित्र काढलं. उजव्या हाताने मी तिला जन्मभर कॅलेंडरातल्या लक्ष्मीसारखी काढत आलो. हात सवयीने धावायचा, बघायची गरजच पडायची नाही. डाव्याला काहीच येत नाही, म्हणून प्रत्येक रेघेला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं. नाक आहे तसं आलं, बसकं. कपाळावरची आठीही आली.

आता शिव्या खाणार म्हणून कागद लपवत होतो, तिने ओढून घेतला. उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाली, ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काढलंत.’

आणि मेथी तशीच टाकून आत गेली. त्या दिवशी भाजी झाली नाही, पिठल्यावर भागवलं.

दिवाळीला ये. मायेत खंड नाही, पत्रात पडू देऊ नकोस.

तुझा,
मामा