एकशे एकोणपन्नास फरशा

१२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, चिमणीला गालगुच्चा. मी बरी आहे. खोली लहान आहे, पण उजेड चांगला येतो. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारच्या पहिल्या तासापर्यंत कुणाशी बोलणं होत नाही. मग हजेरी घेताना पहिली दोन नावं घशातच अडकतात आणि मुलं हसतात. बाकी सगळं ठीक.

फोन केला की वहिनीच घेते. "ते आत्ताच बाहेर पडले," म्हणते, आणि मागे तुझं खोकणं ऐकू येतं. आठ महिने झाले. तुझ्या तोंडून एकदा "काय गं" ऐकायचंय, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वहिनीला वाचायला देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात मूळ संख्या शिकवत होते. फळ्यावर १४९ लिहिली. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कशानेच भाग जात नाही. म्हणजे तेवढ्या फरशांचा आयत होत नाही. लावायच्याच तर एका लांबलचक ओळीत. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे तू ओटा घालायला घेतलास, तिथे जुन्या फरशा बरोबर तेवढ्याच होत्या, तेव्हा मी हेच सांगितलं होतं. तशा फरशा आता मिळत नाहीत, म्हणून बाईंची अट होती: एकही तोडायची नाही, एकही उरवायची नाही. तू सकाळभर खडूने आखत होतास.

मी म्हणाले, "दादा, मूळ संख्या आहे ही. सातवीतलं पोरही सांगेल, जमायचं नाही."

मी पुढे शिकावं म्हणून तू सातवीतच शाळा सोडलीस, हे बोलून झाल्यावर आठवलं.

बाई हसल्या. "मिस्तरी, बहीण शिकलेली आहे तुमची. तिचं ऐका." तू थापी पुसलीस, दोरी गुंडाळलीस आणि निघालास.

परवा फळा पुसताना लक्षात आलं, की एकशे एकोणपन्नासचे दोन चौरस होतात. दहा दाहे शंभर, सात साते एकोणपन्नास. दोन चौरसांत ती याच एका रीतीने फुटते, दुसरी रीतच नाही.

दादा, हे खोटं लिहिलं. परवा नाही, त्याच दिवशी लक्षात आलं होतं. निघण्याआधी तू म्हणालास, "एकच ओटा कशाला, दोन..." आणि मी खाली बघितलं. तुझ्या खडूच्या रेघा मोजल्या. मोठा चौक दहाचा, शेजारी धाकटा सातचा. बरोब्बर. तरी मी म्हणाले, "राहू दे रे, चल." बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. ती नजर सोडवेना.

मी बाईंना पत्र लिहून सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलंय. दुसरा मिस्तरी बारा बाराचा एकच चौक करू, पाच फरशा बाजूला ठेवा म्हणाला, त्याला त्यांनी परत पाठवलं. फरशा तशाच पडून आहेत. तू येशील का, असं विचारतात. ते तुझं तू ठरव. मी मध्ये पडत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला फोन करेन. तू घेतलास तर मी काही शिकवणार नाही, नुसतं ऐकेन. रागावलास तरी चालेल. वहिनीने घेतला तर चिमणीची चौकशी करून ठेवेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा करेन.

जाणूनबुजून चुकलेली,
तुझी धाकटी