मुंबईला गेलेलं रक्त

पाचोरा
१४ नोव्हेंबर १९९३

ती. भागाअक्कास,

शालिग्रामचा नमस्कार. पिंपळनेरला थंडी सुरू झाली असेल. इकडे अजून पंखा लागतो. ज्वारी घरात आली, कापसाची वेचणी चालू आहे. तुझी भावजय झुंबर बरी आहे.

आपला धाकटा पुना वारला, तेव्हापासून तू माहेरी आली नाहीस. पत्र फाडू नकोस, पुरतं वाच.

दसऱ्याआधी मला जेवण जाईना. उजव्या कुशीत जड वाटायचं. जळगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. एक तपासणी तिथेच झाली, दुसरीसाठी रक्त मुंबईला गेलं.

त्यांनी विचारलं, "घरात कुणाला लिव्हरचा त्रास होता?"

"धाकटा भाऊ गेला. पोटात पाणी झालं होतं. लोक म्हणाले, दारूनं."

"आणि तुम्ही पिता?"

"मी सुपारीसुद्धा खात नाही."

ते म्हणाले, "तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू सापडलाय. बहुतेक जन्मतःच आईकडून आलेला. वर्षानुवर्षं कळत नाही, आतून लिव्हर खराब होत जातं. भावालाही तेच असणार."

अक्का, पुना तुझ्या दारात उभा राहून म्हणाला होता, "दारूले हातबी लायेल नही वं." तू दार लावून घेतलंस. तो खरं बोलत होता. तुला टोचायला लिहीत नाही. आईलाही बिचारीला काय ठाऊक होतं?

झुंबरचं आणि मुलांचं रक्त चांगलं निघालं. त्यांना लस देतोय. पण तूही त्याच आईची. धुळ्याला जा, तुझं आणि पोरांचं रक्त तपासून घे. वेळेवर कळलं तर लक्ष ठेवता येतं.

मुंबईहून काय आलं, ते अजून लिहिलं नाही. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ झाली की रक्तात एक पदार्थ वाढतो. माझा फार वाढलाय. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले.

झुंबर भाकरी थापत होती तेव्हा तिला सांगितलं. तिचा हात थांबला. "आते काय करानं?"

"भाकर टाक," म्हटलं. मग आम्ही जेवलो. मला रडू येत नाही. सकाळी उठतो, शेतात जातो, वेचणाऱ्या बायांशी बोलतो. कुणी विचारलं तर बरं आहे म्हणतो.

मला भेटायला ये, असं म्हणत नाही. आधी धुळ्याला जा.

तुझा, अजून असलेला भाऊ,
शालिग्राम